वजनाचं ऑपरेशन झालं, मग काटा का अडला?

वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन झालं, त्याला बावीस दिवस झाले होते. सकाळी सहाला ताईचा फोन. "अगं, नऊ किलो उतरले ते उतरले, आता पाच दिवस काटा ढिम्म हलत नाही. दिवसभरात वाटीभर सूप आणि चार चमचे दही, एवढंच जातंय पोटात. पोट नक्की कापलंय ना गं त्यांनी?"

कापलं होतं, आणि व्यवस्थित कापलं होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडणं हे या ऑपरेशननंतर इतकं नेहमीचं आहे की डिस्चार्जच्या कागदावर ते ठळक अक्षरांत छापायला हवं. ताईच्या कागदावर ते नव्हतं. मग माणूस घाबरतो आणि खाणं आणखी तोडतो, नाहीतर आपलं ऑपरेशन फसलं असं धरून बसतो.

घडतं ते असं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये थोडी साखर साठवून ठेवतं. तिला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा असतो जेमतेम अर्धा किलो, पण त्यातल्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं एकदम बंद झालं की शरीर आधी हा साठा उपसतं आणि त्याच्यासोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या पंधरा दिवसांतली घसघशीत घट म्हणजे बऱ्याच अंशी हे पाणी आणि सलाईनमुळे अंगावर आलेली सूज. पुढे शरीर जरा सावरतं, थोडं पाणी पुन्हा धरून ठेवतं. त्याच वेळी आत चरबी वितळत असते. एकीकडून वजा, दुसरीकडून अधिक, आणि काट्यावर बेरीज शून्य.

काट्याला चरबी, पाणी, स्नायू आणि चार दिवस तुंबलेलं पोट यांतला फरक कळत नाही. तो फक्त बेरीज दाखवतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत या बेरजेवर विसंबून कुठलाही निष्कर्ष काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दुपारी मी ताईकडे गेले आणि तिचा वजनकाटा उचलून माझ्या घरी आणला.

पोटाची पिशवी आणि मेंदूचा निरोप

सध्या सर्वांत जास्त होणारी दोन ऑपरेशनं म्हणजे स्लीव्ह आणि बायपास. दोन्ही बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं. बायपासमध्ये काही काढून टाकत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाची ३० मिलिलिटरच्या आसपासची इवलीशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं खालून उचलून तिला जोडतात. अन्न मोठं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून थेट पुढे जातं. वजनासाठी असं ऑपरेशन पहिल्यांदा केलं ते आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी, १९६६ साली. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या बायका पुढे वजन धरत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

पिशवी लहान केली, माणूस कमी खातो, म्हणून वजन उतरतं, असं सगळेच सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. नुसतं कमी खाऊन काय होतं याचा एक जुना दाखला आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. पण त्या मुलांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विचार राहिला नाही. ती पाककृतींची पुस्तकं वाचायची, ताटं चाटायची, चिडचिडी आणि उदास झाली.

स्लीव्हनंतर माणसाचं साधारण तेवढंच वजन उतरतं, वर्ष-दीड वर्षात सुमारे २५ टक्के. आणि तरी बहुतेकांना पहिले काही महिने भूक आठवतही नाही. घड्याळ लावून खावं लागतं. हा फरक पिशवीच्या मापाचा नाही, तो निरोपांचा आहे. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. शिवाय दोन्ही ऑपरेशनांत अन्न आतड्यात लवकर पोचतं, त्यामुळे आतडं 'पुरे झालं' सांगणारी संप्रेरकं, जीएलपी-१ आणि पीवायवाय, जास्त सोडतं. म्हणूनच टाइप २ मधुमेह असलेल्यांची साखर कित्येकदा पहिल्या काही दिवसांतच उतरते, वजनात फारसा फरक पडण्याआधी.

म्हणजे या ऑपरेशनने चरबी कापलेली नसते. शरीर कुठलं वजन 'आपलं' म्हणून राखून धरतं, ते ठरवणारं बोलणं बदललेलं असतं. हे एकदा पटलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पहिले दोन महिने जखमेचे

ऑपरेशनआधी बहुधा दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. यकृतातली चरबी उतरून ते आकसावं आणि सर्जनला खालचं जठर नीट दिसावं, हा त्यामागचा हेतू. नंतरचा आहारही असाच गैरसमजाचा बळी आहे. आधी पाण्यासारखे पदार्थ, मग दूध-सूप-प्रोटीनचं पेय, मग वाटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. ही चढण वजन उतरवण्यासाठी असते असं लोकांना वाटतं. ती जखमेसाठी असते. जठराच्या कापलेल्या कडेवर स्टेपलची, म्हणजे धातूच्या बारीक पिनांची लांब रांग असते आणि ती आतून भरून यायला वेळ लागतो. बाहेरचे टाके आठवड्यात सुकले म्हणून आतलंही सुकलं असं नाही. दहाव्या दिवशी 'एक घास खाऊन बघते' म्हणणं म्हणजे ओल्या भिंतीला खिळा ठोकणं.

या काळातलं खरं काम म्हणजे पाणी. औषधाच्या बाटलीवर ३० मिलिलिटरचं छोटं झाकण येतं ना, ताईकडे तसला एक प्लास्टिकचा कप होता. दर पंधरा मिनिटांनी एक कप, तोही घोटाघोटाने. तासाला चार म्हणजे १२० मिलिलिटर. चौदा तास हे नेमाने केलं की दिवसाचं १७०० मिलिलिटरच्या आसपास पाणी पोटात जातं. एरवी आपण येता-जाता ग्लास रिकामा करतो, इथे दोन घोट एकदम गेले की छातीत दगड बसल्यासारखं होतं. कंटाळवाणं काम आहे, पण ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. तोंड कोरडं, लघवी गडद पिवळी, उठल्यावर चक्कर, हे दिसलं की आधी पाणी किती गेलं ते मोजायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खांदा दुखायला लागतो आणि माणूस चक्रावतो: ऑपरेशन पोटाचं, दुखतोय खांदा! दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा उरलासुरला अंश आणि पोटाचा ताण यांनी श्वासपटल डिवचलं जातं, आणि ज्या नसेवाटे ते कळतं तिचा संबंध खांद्याशीही आहे. चाललं की हे दोन-तीन दिवसांत जातं. ऑपरेशनच्या दिवशीच चालायला लावतात, त्याचं मुख्य कारण मात्र पायात रक्ताची गुठळी होऊ नये हे असतं.

पण प्रत्येक दुखणं असं भाबडं नसतं. हा भाग घरच्यांनी वाचायला हवा. स्टेपलच्या रांगेतून गळती होणं ही गंभीर गुंतागुंत आहे. तिचं प्रमाण कमी आहे, पण ती बऱ्याचदा पोटदुखीच्या आधी नाडीत दिसते. शांत बसल्यावरही नाडी १२० च्या वर राहते, ताप येतो, अस्वस्थ वाटतं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं वाढत जातं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर ती गुठळी असू शकते. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. पोटात काहीच टिकत नाही, रोज उलट्या होतात, असं काही आठवडे चाललं तर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. मग एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं, आणि मेंदूची ही इजा कायमची राहू शकते. अशा माणसाला अशक्तपणा आलाय म्हणून नुसतं साखरेचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. आधी थायमिन, मग साखर. अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर वजनाचं ऑपरेशन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

घास कुणाचा आधी?

नेहमीचं खाणं सुरू झालं की नियम सोपे वाटतात: प्रोटीन आधी, सावकाश चावून, जेवताना पाणी नाही. पाण्याचा नियम लोक सर्वांत आधी मोडतात. घासाबरोबर पाणी प्यायलं की अन्न पातळ होऊन नळीतून लवकर निसटतं. पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि तासाभरात पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. म्हणून जेवणानंतर अर्धा तास थांबायचं.

प्रोटीन रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर दहा लागतील, आणि ताईला पाचव्या आठवड्यात एक मऊ उकडलेलं अंडं संपवायला पंचवीस मिनिटं लागली होती. म्हणून सुरुवातीला प्रोटीनची पावडर लागतेच, त्यात कमीपणा काही नाही. प्रोटीन कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं. काटा खूश होतो, पण जिना चढताना मांड्या थरथरतात. नुसतं चालणं पुरत नाही. सर्जनने परवानगी दिल्यावर वजन उचलण्याचे, स्नायूंना ताण देणारे हलके व्यायामही हवेत.

बायपास झालेल्या बऱ्याच जणांना गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब असा झटका येतो. त्याला डंपिंग म्हणतात. साखरेचा घट्ट पाक आतड्यात एकदम उतरतो आणि अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं. काहींना खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी उलटं होतं, साखर एकदम खाली जाऊन हातपाय कापतात. हे दुसरं प्रकरण बहुधा वर्षभरानंतर सुरू होतं, त्यामुळे ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणी लावत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून केस गळायला लागतात. ऑपरेशन आणि झपाट्याने उतरणारं वजन या धक्क्याने बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि काही महिन्यांनी झडतात. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. सहा-सात महिन्यांनंतरही गळती थांबली नाही तर मात्र लोह, प्रोटीन आणि झिंक तपासायला हवं.

गोळ्या आयुष्यभराच्या. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, खरी मेख इथेच आहे. दुसऱ्या वर्षी माणूस ठणठणीत असतो, गोळ्यांचा कंटाळा येतो, सोडून देतो, आणि तरीही काही बिघडत नाही. बिघडलेलं कळतं पुढे कधीतरी, तळव्यांना मुंग्या यायला लागल्यावर. कॅल्शियम शक्यतो सिट्रेट घ्यावं, ते शोषायला जठरातल्या आम्लाची गरज तितकी पडत नाही. आणि लोहाच्या गोळीपासून ते दोन तास तरी लांब ठेवावं, कारण दोघं एकमेकांच्या वाटेत येतात.

बाकीचं झटपट सांगते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा पहिल्या आठवड्यापासूनच कमी करावी लागू शकते, जुनीच चालू ठेवली तर चक्कर येऊन पडायची भीती. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि सिगारेट यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होतो. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून कित्येक सर्जन सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड देतात. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं दिसलं, आणि बायपास झालेल्यांत धोका जास्त होता. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. डॉक्टरांशी दुसऱ्या उपायाबद्दल बोला.

किती उतरायला हवं?

इथे आकड्यांचा एक घोळ आहे. ताईची उंची १६० सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन १२० किलो. सोळाव्या महिन्यात ती ९० वर आली, तिचं सर्वांत कमी वजन तेच. एकूण वजनाच्या हिशेबाने २५ टक्के उतरलं. दुसरी पद्धत 'जादा' वजन मोजते. या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ म्हणजे ६४ किलो, म्हणजे जादा वजन ५६ किलो, त्यातलं ३० गेलं, म्हणजे ५४ टक्के. माणूस तोच, ऑपरेशन तेच, पण एका जाहिरातीत २५ टक्के दिसेल आणि दुसऱ्या जाहिरातीत ५४. कुणी टक्केवारी सांगितली की कशाची, हे आधी विचारावं.

आणि ९० किलोलाही ताईचा बीएमआय ३५ होताच. तक्त्याच्या भाषेत ती अजून लठ्ठ. पण तिचा रक्तदाब गोळीविना ताब्यात आला होता, झोपेत श्वास अडकणं थांबलं होतं, गुडघे कुरकुरत नव्हते. शेजारच्या बाईंनी मात्र विचारलंच, "एवढंच?"

तळ गाठल्यावर थोडं वजन परत चढतं. हे अपयश नाही, शरीराचं नेहमीचं वागणं आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ऑपरेशन झालेल्या सुमारे २००० लोकांची न झालेल्या तितक्याच लोकांशी तुलना केली. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, पंधरा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २७ टक्के कमी होतं. म्हणजे थोडं परत आलं, बरंचसं आलंच नाही. आणि ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं.

दहा-पंधरा किलो परत आले तर मात्र कारण शोधावं. बऱ्याचदा ते ताटात नसतंच. दिवसभर चरत राहणं, बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम यांसारखे विरघळून सटकणारे पदार्थ, गोड पेयं, दारू. नळीतून हे सगळं विनातक्रार उतरतं, भरल्यासारखं कधी वाटतच नाही. कधी कारण एखाद्या नव्या औषधात असतं. कधी नळीच सैल झालेली असते. आणि कधी भूक नुसतीच परत येते, कारण शरीर निरोप पाठवायच्या जुन्या वाटा पुन्हा शोधतं. त्याला 'मनाचा ढिलेपणा' म्हणणारे भेटतील, त्यात डॉक्टरही असतील. आता सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी औषधं जोडीला देतात, काहींना दुसरं ऑपरेशन लागतं, स्लीव्हनंतर जळजळ फार वाढली तर बायपास करतात. पण हे सारं तपासणीला गेलं तर. वजन चढलेली माणसं नेमकी लाजेने तपासणीला जाणं सोडतात.

ताईच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली. वजन ९६ आहे, ते दर तीन महिन्यांनी दवाखान्यात मोजतात. दंडाची कातडी लोंबते, ती काढायची की नाही हे तिचं अजून ठरत नाही. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, खाली आलं होतं. लोहाची गोळी आता दिवसाआड नाही, रोज. काटा अजून माझ्याकडेच आहे, तिने परत मागितलेला नाही.